फरक सापडला, कारण माहीत नाही

प्रति,
मा. सदस्य,
भौतिकशास्त्र नोबेल समिती,
रॉयल स्वीडिश विज्ञान अकादमी, स्टॉकहोम.

विषय : अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन (जन्म २३ जुलै १९२८, मृत्यू २५ डिसेंबर २०१६) यांनी दाखवून दिलेल्या, पण तुमचं पारितोषिक न मिळालेल्या फरकाबाबत.

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तरी तुमच्यापैकी कुणी वाचलं असतं असं नाही. मराठीत लिहिलं म्हणजे निदान चार ओळखीची माणसं वाचतील आणि माझ्या चुका काढतील. खुल्या पत्राचा खरा उपयोग बहुधा तेवढाच.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही. बी.कॉम. झाले, जी.डी.सी. अँड ए.ची (सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेची) परीक्षा दिली आणि पुढची ३१ वर्षं सहकारी संस्थांचे हिशेब तपासले. विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था, एक-दोन पाणीपुरवठा संस्था. निवृत्त झाले तेव्हा भाचीने हातात दुर्बीण दिली आणि कार्तिकातल्या एका अंधाऱ्या रात्री देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह) दाखवली. पिंजलेल्या कापसाचा पुंजका असावा तसं काहीतरी दिसलं. "एवढंच?" मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "मावशी, या पुंजक्याचा हिशेब अजून जुळलेला नाही." हिशेब जुळलेला नाही म्हटल्यावर मला झोप कुठली!

तेव्हापासून रुबिनबाई माझ्या डोक्यात आहेत. आणि त्यांच्यामुळे एक जुना प्रसंगही.

नोकरीचं दुसरंच वर्ष. एका विकास सोसायटीच्या गोदामात खताची पोती मोजली. साठा वहीत ४१२, प्रत्यक्षात ३७५. मी फरक लिहिला. चेअरमन खुर्चीतून न उठता म्हणाले, "बाई, पोती गेली कुठं ते आधी सांगा. ते ठाऊक नसताना फरक कसा काय लिहिता?" मी नवीन होते, गांगरले. मला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्याबरोबर आलेले वरिष्ठ चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "गेली कुठं ते बघायला कलम ८३ची चौकशी आहे. तिचं काम मोजायचं. ३७ पोती कमी आहेत की नाहीत, तेवढं बोला."

मी हे पत्र लिहिते आहे ते त्या एका वाक्यासाठी.

आता मुद्द्याचं. सूर्यमालेचा हिशेब सरळ आहे. जवळजवळ सगळं वस्तुमान सूर्यातच साठलेलं, म्हणून जवळचा ग्रह जोरात पळतो आणि लांबचा रमतगमत. बुधाचा वेग सेकंदाला ४७ किलोमीटर, पृथ्वीचा ३०, नेपच्यूनचा जेमतेम साडेपाच. दीर्घिकेतही उजेड मध्यावर दाटलेला असतो आणि कडेला विरत जातो. जिथे उजेड तिथे तारे, जिथे तारे तिथे वस्तुमान, असं धरलं तर कडेच्या ताऱ्यांनीही नेपच्यूनसारखं सावकाश फिरायला हवं.

हे धरून चालणं चुकीचं आहे असं सिद्ध करायला रुबिनबाई निघाल्या नव्हत्या. आधी त्या क्वेसारांवर (फार लांबच्या, अतिशय तेजस्वी दीर्घिका-केंद्रांवर) काम करत होत्या. त्या विषयात चढाओढ भारी. आकडे पक्के होण्याआधीच लोक फोन करून विचारायचे, अमक्याचं काय आलं, तमक्याचं काय आलं. अशा घाईत काम करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. कुणी मागे लागणार नाही असा विषय हवा म्हणून त्या दीर्घिकांच्या फिरण्याकडे वळल्या. तपासणीच्या कामात मीही हे अनुभवलंय: ज्या दप्तराकडे कुणाचं लक्ष नसतं, ते निवांत उघडावं.

१९६५ साली त्या वॉशिंग्टनला कार्नेगी संस्थेच्या भूचुंबकत्व विभागात रुजू झाल्या. तिथे केंट फोर्ड यांनी वर्णपटमापकाला, म्हणजे उजेड रंगांच्या पट्ट्यात पसरवणाऱ्या यंत्राला, प्रतिमानलिका जोडली होती. अंधुक उजेड या नळीत इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने वाढवायचा आणि मग फोटोच्या काचेवर घ्यायचा. पूर्वी जिथे अख्खी रात्र जायची तिथे आता साधारण दहावा हिस्सा वेळ लागायचा. हे यंत्र घेऊन दोघं ॲरिझोनातल्या किट पीक आणि लोवेल वेधशाळांच्या दुर्बिणींवर गेले. देवयानीतले तापलेल्या हायड्रोजनचे ६७ ढग निवडले आणि प्रत्येकाचा वर्णपट घेतला. ढग आपल्या बाजूला येत असेल तर हायड्रोजनची रेषा निळ्याकडे सरकते, लांब जात असेल तर तांबड्याकडे. किती सरकली ते सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवून मोजायचं आणि त्यावरून वेग काढायचा. कामाचं स्वरूप ऐकलं आणि मला आमच्या खतावण्या आठवल्या. एकेका नोंदीवर टिकमार्क, डोळे दुखेपर्यंत.

१९७० साली निबंध छापून आला. केंद्रापासून कितीतरी लांब गेलं तरी वेग हवा तसा उतरत नव्हता. पण निबंधात बोभाटा नाही. आपण मोजलं त्यापलीकडचं अनुमान हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे, अशा अर्थाचं एक वाक्य तेवढं आहे. मला ते फार आवडलं. चांगल्या लेखापरीक्षकाने लिहावं तसं वाक्य: तपासलं त्याची जबाबदारी माझी, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

एका दप्तरावरून संस्था बुडाली म्हणता येत नाही. म्हणून १९७८ साली १० दीर्घिका. १९८० साली २१ दीर्घिका, सगळ्या सैल पिळाच्या (म्हणजे सर्पिल भुजा मोकळ्या असलेल्या), लहानात लहानपासून मोठ्यात मोठीपर्यंत मुद्दाम निवडलेल्या. त्या वेळच्या अंतराच्या मापांनुसार सर्वात छोटीची त्रिज्या साधारण १३ हजार प्रकाशवर्षं आणि सर्वात मोठीची जवळपास ४ लाख. ती मोठी म्हणजे यूजीसी २८८५. तिला आता लोक रुबिन दीर्घिका म्हणतात. १९८२ साली मध्यम पिळाच्या २३, १९८५ साली घट्ट पिळाच्या १६. या शेवटच्या तीन याद्यांच्या मिळून ६०. आलेख काढा: आडव्या अक्षावर केंद्रापासूनचं अंतर, उभ्या अक्षावर वेग. रेघ वर चढते आणि मग उतरायचं नावच घेत नाही. दीर्घिका छोटी असो, मोठी असो, सैल असो, घट्ट असो.

आमच्या भाषेत सांगायचं तर जमेला दाखवलेली रक्कम एवढीशी, आणि खर्च बघावा तर राजाचा. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणावर एवढ्या वेगाने फिरणारी कडेची चीजवस्तू धरून ठेवता येत नाही. ती केव्हाच उधळून जायला हवी होती. म्हणजे दीर्घिकेभोवती कुठेतरी बेनामी ठेव आहे, जी उजेडात दिसत नाही पण व्याज मात्र दर वर्षी देते. आजच्या हिशेबाने विश्वातल्या एकूण द्रव्याच्या सहा हिश्शांपैकी पाच हिस्से ही बेनामी ठेव आहे. कृष्णद्रव्य म्हणतात ते हेच.

आता तुमची बाजू. तुमच्या बैठकांत काय बोललं गेलं ते ५० वर्षं बंद दप्तरात राहतं, म्हणून तुम्ही नेमकं काय म्हणालात ते मी सांगू शकत नाही. पण बाहेर, तुमच्या वतीने बोलणाऱ्यांकडून, एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: कृष्णद्रव्य म्हणजे काय ते अजून कुणाला माहीत नाही. त्याचा कण कुणी पकडलेला नाही. जे काय आहे ते माहीत नाही त्याच्या शोधाला पारितोषिक कसं देणार?

म्हणजे आधी पोती कुठं गेली ते सांगा.

हा युक्तिवाद मला पटला असता. अडचण अशी की तुम्हीच तो तीनदा मोडलेला आहे. मी तुमचीच दप्तरं तपासली, चुकले असेन तर दाखवा.

पहिली नोंद १९७८ची. त्या वर्षी तुम्ही अर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना गौरवलं. न्यू जर्सीतल्या त्यांच्या अँटेनात एक खरखर येत होती, ती कशाने जाईना. कबुतरांची घरटी काढून झाली, विष्ठा साफ करून झाली, तरी खरखर आहेच. १९६५ साली त्यांनी जो छोटासा निबंध छापला त्याच्या शीर्षकात विश्व नाही, महास्फोट नाही. अँटेनाचं जादा तापमान मोजलं, एवढंच आहे. जादा! हा शुद्ध तफावतीचा अहवाल झाला. ते जादा तापमान विश्वाच्या बालपणातलं आहे, हा अर्थ शेजारच्याच निबंधात प्रिन्स्टनच्या मंडळींनी लावला. त्या मंडळींपैकी जिम पीबल्स यांना तुम्ही २०१९ साली बोलावलं, ४१ वर्षांनी. म्हणजे मोजणाऱ्याला आधी, अर्थ लावणाऱ्याला नंतर. माझी तक्रार नाही. मला हा क्रम योग्यच वाटतो.

दुसरी नोंद २०११ची. सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस. लांबच्या स्फोटक ताऱ्यांवरून त्यांनी दाखवलं की विश्वाचं प्रसरण मंदावण्याऐवजी वेग घेतंय. शोध १९९८चा, तुमचा निर्णय १३ वर्षांत. या वेगामागे जी काही गोष्ट आहे तिला कृष्णऊर्जा असं नाव आहे, आणि ती काय आहे हे कृष्णद्रव्याइतकंच, खरं तर त्याहूनही कमी, ठाऊक आहे. तुमच्या लोकांनी मार्ग छान काढला. मानपत्रात कृष्णऊर्जेचं नावच घेतलं नाही. प्रसरण वेग घेतंय याच्या शोधाबद्दल, असं लिहिलं. कारण सोडून फरक लिहिला. शाबास. रुबिनबाई त्या ऑक्टोबरमध्ये ८३ वर्षांच्या होत्या, हयात होत्या.

तिसरी नोंद २०२०ची, आणि ही वाचून मी चष्मा काढून ठेवला. अर्धं पारितोषिक रॉजर पेनरोज यांना. उरलेलं अर्धं रेनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना, आपल्या दीर्घिकेच्या मध्याशी असलेल्या, तुमच्याच शब्दांत, अतिप्रचंड वस्तुमानाच्या घट्ट वस्तूच्या शोधाबद्दल. कृष्णविवर हा शब्द त्या दोघांच्या ओळीत नाही. "वस्तू" म्हटलंय. दोघांनी काय केलं? मध्याजवळचे तारे किती वेगाने आणि कसे फिरतात ते वर्षानुवर्षं मोजलं, आणि त्या वेगांवरून सांगितलं की इथे ४० लाख सूर्यांएवढं काहीतरी आहे जे दिसत नाही. दिसणाऱ्याच्या वेगावरून न दिसणाऱ्याचं वजन. मला सांगा, रुबिनबाईंनी याहून वेगळं काय केलं होतं? त्यांनी दीर्घिकेच्या कडेला मोजलं, यांनी मध्याला.

तेव्हा मानपत्राची ओळ तुमच्याजवळ होती. "सर्पिल दीर्घिकांच्या परिभ्रमणाचा वेग बाहेरच्या भागात उतरत नाही, या शोधाबद्दल." कृष्णद्रव्य हा शब्द न वापरता एका वाक्यात काम झालं असतं. मी वकील नाही, पण अशी सावध वाक्यं लिहिण्यात माझी हयात गेली आहे, मला विचारलं असतं तरी दिलं असतं लिहून.

गंमत म्हणजे खुद्द रुबिनबाईंचाही कृष्णद्रव्याचा हट्ट नव्हता. नवा अदृश्य कण मानण्यापेक्षा न्यूटनच्या नियमांतच मोठ्या अंतरांसाठी दुरुस्ती करावी लागली तर आपल्याला ते अधिक आवडेल, असं त्यांनी म्हटलेलं आहे. बहुतेक शास्त्रज्ञ त्या बाबतीत त्यांच्या बाजूने नाहीत. पण मुद्दा तो नाही. उद्या कण सापडो, नाहीतर नियम बदलो, ६० दीर्घिकांचे आकडे आहेत तिथेच राहणार. ३७ पोती कमी ती कमीच.

आता मी माझ्याच बाजूची तपासणी करते, नाहीतर भाची ओरडेल. रुबिनबाईंनी एकटीने कृष्णद्रव्य शोधलं, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ सालीच केश तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या थव्याचा हिशेब मांडून न दिसणाऱ्या द्रव्याचं नाव घेतलं होतं. होरेस बॅबकॉक यांनी १९३९ साली देवयानीच्याच कडेला वेग जास्त असल्याचं नोंदवलं होतं. सिद्धांताच्या बाजूने ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी १९७३ साली सांगितलं की सर्पिल चकती अशी टिकून राहायची तर तिच्याभोवती जड कवच हवं. आणि सर्वात महत्त्वाचं: रुबिनबाईंचं मोजमाप दीर्घिकेची उजळ चकती जिथवर आहे तिथवरचं. तेवढ्या भागापुरता हिशेब काही जण दिसणाऱ्या ताऱ्यांवरही बसवू शकत होते. खरी कोंडी झाली ती रेडिओ दुर्बिणीवाल्यांनी आणखी बाहेरचा थंड हायड्रोजन मोजल्यावर. तो २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर बोलतो, आणि तारे संपले तरी कितीतरी पुढपर्यंत पसरलेला असतो. मॉर्टन रॉबर्ट्स यांनी देवयानीत ते पाहिलं, आल्बर्ट बोस्मा यांच्या १९७८च्या ग्रोनिंगनच्या प्रबंधात ते दीर्घिकेमागून दीर्घिकेत दिसतं.

या शेवटच्या कामाशी आमचाही थोडा संबंध आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. विज्ञान दिनाला ती सगळ्यांना बघायला मिळते. मी गेले होते. आत मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण त्याचा आवाज दीर्घिकांपेक्षा मोठा. तिथून २००५च्या सुमारास एनजीसी ३७४१ या बटू दीर्घिकेचा हायड्रोजन मोजला गेला. तारे दिसतात त्याच्या आठ पटींहून लांबपर्यंत हायड्रोजन पसरलेला निघाला, आणि तिथपर्यंतही वेगाला उतार नव्हता. ज्वारीच्या रानात उभं राहून मी ते ऐकलं. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "म्हंजे ह्या पण रुबिनबाईच म्हणायच्या." त्यांना मीच गाडीत सगळं सांगितलं होतं.

तर श्रेयाचे वाटेकरी बरेच. तीनपेक्षा जास्त माणसांना देता येत नाही, हा तुमचा नियम, आणि तो अडचणीचा आहे हे मान्य. पण २०१७ साली गुरुत्वीय लहरींसाठी तुम्ही हजारावर शास्त्रज्ञांमधून तिघं निवडलेच ना? निवड करणं हेच तुमचं काम. रुबिन, फोर्ड आणि रेडिओवाल्यांतलं एक नाव. मी रात्री जागून जुळवलेली ही यादी, तुम्हाला दिवसाढवळ्या जमायला हवी होती. केंट फोर्डही २०२३ साली गेले.

आणखी एक गोष्ट राहिली, ती लिहू की नको असं झालं होतं. बाईमाणसाची गोष्ट म्हटली की लोक लगेच डोळे पुसायला लागतात, आणि मोजमाप बाजूला राहतं. पालोमार वेधशाळेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हतं आणि रुबिनबाईंनी दारावरच्या पुरुषाच्या चित्राला कागदाचा घागरा कापून चिकटवला, ही गोष्ट तर आता शाळेच्या भाषणातही येते. मला त्याच वेधशाळेची दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. दुर्बिणीवर वेळ मागायच्या छापील अर्जात लिहिलेलं होतं की मर्यादित सोयींमुळे स्त्रियांचे अर्ज स्वीकारणं शक्य नाही. रुबिनबाईंना तो अर्ज पाठवताना कुणीतरी त्या वाक्यात पेन्सिलीने एक शब्द घुसवला होता: "सहसा".

पेन्सिलीची नोंद! आमच्या धंद्यात पेन्सिलीची नोंद म्हणजे पाप. खोडता येते, नाकारता येते, सही नसते. पण त्या एका पेन्सिलीच्या शब्दावर १९६५ साली एक बाई रीतसर पालोमारवर पोहोचली. त्याआधी मार्गरेट बर्बिज यांना माउंट विल्सनवर नवऱ्याच्या नावावर वेळ घ्यावी लागली होती, आणि खुद्द रुबिनबाईंचा कॉर्नेलमधला पहिला निबंध, बाळ लहान आहे तर परिषदेत मी वाचतो, मात्र माझ्या नावावर, असं त्यांच्या विभागप्रमुखांनी सुचवलं होतं. त्या स्वतः गेल्या. तीन-चार आठवड्यांचं बाळ घेऊन, डिसेंबरच्या बर्फातून.

तुमच्या वहीतली पेन्सिल मला दिसत नाही, शाईच्या नोंदी दिसतात. भौतिकशास्त्रात मारी क्युरी १९०३, मारिया गोपर्ट-मायर १९६३, डॉना स्ट्रिकलंड २०१८, अँड्रिया गेझ २०२०, ॲन लुलिए २०२३. दुसऱ्या आणि तिसऱ्या नावात ५५ वर्षं. रुबिनबाई कार्नेगीत रुजू झाल्यापासून वारल्या तोपर्यंतचा सगळा काळ या ५५ वर्षांच्या आत बसतो, आणि दोन्ही टोकांना थोडी जागा उरते. याचा अर्थ मी लावत नाही. फरक तेवढा नोंदवते. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनेही आपलं सुवर्णपदक कॅरोलाइन हर्शेल यांना १८२८ साली दिलं, त्यानंतरची स्त्री म्हणजे १९९६ सालच्या रुबिनबाई. पण त्यांनी दिलं तरी.

आता मागण्या. मरणोत्तर पारितोषिक मी मागत नाही. १९७४पासून तुमच्या नियमात ते बसत नाही, आणि नियम बदललाच तर आधी झ्विकींपासून रांग लागेल. शिवाय रुबिनबाई स्वतः म्हणायच्या की नावापेक्षा आपल्याला आपले आकडे मोलाचे. पुढच्या माणसांनी ते वापरले की झालं.

माझी पहिली मागणी दप्तराची. ५० वर्षांच्या नियमाने १९७९ची कागदपत्रं २०३०च्या सुमारास खुली होतील, मग एकेक वर्षाने पुढची. कुणी कुणाचं नाव सुचवलं ती यादी तुम्ही संकेतस्थळावर टाकता, ते चांगलंच आहे. पण यादीने मला काय कळणार? परिभ्रमणाच्या मोजमापांवर तुमच्या तज्ज्ञांनी काही अहवाल लिहिले असतील तर ते पूर्णच्या पूर्ण, इंग्रजी भाषांतरासह, सगळ्यांना वाचता येतील असे ठेवा. संशोधकाने स्टॉकहोमला येऊन परवानगी मागून वाचायचे, असं नको. शेवटचं दप्तर, २०१६चं, २०६७ साली उघडेल. ते भाचीची मुलगी वाचेल. तिला सांगून ठेवलंय.

दुसरी मागणी एका वाक्याची. शिफारशी मागवताना तुम्ही जगभर जे पत्र पाठवता त्यात बदल करता येतो, हे तुम्हीच दाखवलंय: नावं सुचवताना स्त्रिया, वेगवेगळे देश आणि विषय यांचाही विचार करा, असं पुढच्या वर्षापासून सांगू, असं तुमच्या अकादमीने २०१८ साली जाहीर केलं होतं. त्याच पत्रात आणखी एवढं घाला की काळजीपूर्वक मोजलेला आणि इतरांनी पडताळलेला फरक हाच शोध आहे, त्याचं कारण सापडेपर्यंत थांबायची गरज नाही.

ही मागणी जुन्या हिशेबासाठी नाही. तुमच्या टेबलावर आत्ता एक फरक पडलेला आहे. विश्वाचा प्रसरणदर जवळच्या ताऱ्यांवरून मोजला तर साधारण ७३ येतो (दर ३३ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला तेवढे किलोमीटर) आणि विश्वाच्या बालपणातल्या त्याच जादा तापमानावरून काढला तर ६७. दोन्हीकडची माणसं हुशार आहेत, दोन्हीकडे तपासण्या झाल्या आहेत, आणि तेरीज जुळत नाही. चिलीतल्या सेर्रो पाचोन डोंगरावर व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५च्या जूनमध्ये पहिली चित्रं दाखवली, ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि दहा वर्षं सगळं दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा टिपायचा बेत. त्या ढिगातून असे फरक निघणारच. काढणारी माणसं तरुण असतील. १९८० साली रुबिनबाई ५२ वर्षांच्या होत्या, आणि त्यानंतर त्यांनी तुमचे ३६ ऑक्टोबर, म्हणजे ३६ घोषणा, पाहिल्या.

उत्तराची घाई नाही. आमच्याकडे लेखापरीक्षण अहवालातल्या दोषांवर संस्थेने दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. कायद्याने द्यायचा असतो, आणि बहुतेक संस्था देत नाहीत, हेही मला अनुभवाने ठाऊक आहे.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक
जि. सातारा

ता. क. : २०२५ साली अमेरिकेने २५ सेंटच्या एका नाण्यावर रुबिनबाईंचं चित्र काढलं. भाचीने त्यातलं एक मला आणून दिलं. बाई वर बघून हसताहेत, शेजारी दीर्घिका आहे. त्या वेळच्या दराने वीस-बावीस रुपयांचा ऐवज, मी रीतसर जमेला धरलाय. नाण्यावर "डार्क मॅटर" असे दोन शब्दही कोरलेले आहेत. टांकसाळीला ते कोरायला काही अडचण आलेली दिसत नाही.